अंगणातील सोयरे

वारकऱ्याच्या घराची खूण विचारली, तर कोणी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवीत नाही. दारापुढे वृंदावन आहे, त्यात तुळस आहे, आणि सकाळी स्नान करून तिला तांब्याभर पाणी घालणारी एखादी माउली आहे, एवढे पुरे होते. गळ्यात तुळशीची माळ, दिंडीत आयाबहिणींच्या डोईवर तुळशीवृंदावन, आणि विटेवर उभ्या असलेल्या सावळ्याच्या कंठातही तुळशीचाच हार. ज्याला सोन्यारुप्याची वाण नाही त्या देवाने गुडघाभर उंचीचे, कुठल्याही मातीत उगवणारे हे साधे झुडूप आपले म्हटले. आपण मात्र त्या झुडपापाशीच थांबलो. वृंदावनाभोवतीचे बाकीचे अंगण ओसाड पडले काय, फरशी पडून तापले काय, याचा विचार आपण परमार्थाच्या हिशेबात धरीत नाही. तो धरावा, असे आम्हांस वाटते.

वळसंगच्या मंडळींपुढे हा विषय मांडला, तेव्हा पहिलाच प्रश्न आला तो असा: "महाराज, झाडे लावणे चांगलेच, पण ते ग्रामपंचायतीचे काम, वनखात्याचे काम. नामस्मरणाशी त्याचे नाते काय? आणि लावायचीच तर कोणतीही लावावीत, देशीच हवीत हा हट्ट कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे दोन भाग आहेत, आणि दुसऱ्या भागाचे उत्तर पहिल्याच्या पोटात आहे.

तुकोबाराय भंडाऱ्यावर, भामचंद्रावर एकांतासाठी जात, हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे भोवती जी झाडेझुडपे होती, जी वनचरे होती, जी पाखरे ओरडत होती, त्यांस महाराजांनी सोयरे मानले. तो अभंग आपल्यापैकी कित्येकांस पाठ आहे; म्हणून येथे लिहीत नाही. पण त्यातल्या 'सोयरा' या शब्दावर आपण कधी थांबतो काय? महाराजांनी झाडांस देव म्हटले नाही, संपत्ती म्हटले नाही, शोभाही म्हटले नाही. सोयरे म्हटले. आता सोयरा म्हणजे कोण, हे आपल्या खेड्यातल्या माणसाला कोशात पाहावे लागत नाही. ज्याच्याशी येणेजाणे आहे, देणेघेणे आहे, ज्याच्या लग्नाला आपण जातो आणि ज्याचे सुतक आपल्याला लागते, तो सोयरा. एकट्याला सोयरे नसतात. सोयरिकीला दुसरा घरोबा लागतो.

हीच कसोटी झाडाला लावून पाहा. कार्तिकात, तुळस मंजिऱ्यांनी भरलेली असताना, वृंदावनापाशी अर्धा घटका स्वस्थ बसावे. मधमाशी येईल, तिच्याहून बारीक काळसर माशी येईल, एखादे फुलपाखरू टेकेल. तुळशीच्या दारी सकाळपासून पाहुण्यांची रीघ लागलेली असते. कढीपत्त्याचे झाड घ्या. त्याच्या पानावर पाखराची शीट पडल्यासारखा एक डाग दिसतो. तो डाग हळूच हलतो, कारण ती अळी असते. मोठी झाली की ती पानासारखीच हिरवी होते. घरच्या बाई म्हणतात, "मेल्या अळीनं सगळा पाला खाल्ला." अहो, खाऊ द्या चार पाने! पंधरा दिवसांत झाड पुन्हा फुटते. ती अळी पुढे काळ्या-पिवळ्या पंखांचे फुलपाखरू होते. ती फक्त कढीपत्ता, बेल, लिंबू अशा एकाच गोत्राच्या झाडांवर वाढते. दुसरे पान तिला चालत नाही. रुईचे पान गुरे खात नाहीत, शेळीही सहसा टाळते, पण त्यावर वाढणारी एक पट्ट्यापट्ट्यांची अळी आहे, तिचे माहेर तेच. ही सोयरीक हजारो वर्षांची आहे. ती रोपवाटिकेतून पिशवीत भरून आणता येत नाही.

आता चिमणीकडे या. चिमणी दाणे टिपते म्हणून आपण तिला धान्याचे पाखरू समजतो. पण घरट्यातल्या पिलाला ती दाणा भरवीत नाही. कोवळ्या पिलाला अळ्या आणि किडे लागतात. अंगणात अळी नसेल तर पसाभर तांदूळ टाकूनही चिमणी पिले वाढवू शकत नाही. चिमण्या कुठे गेल्या म्हणून हळहळणाऱ्यांनी आपल्या दारात एक तरी झाड असे आहे काय, जे कोणाला जेवू घालते, हे आधी पाहावे.

उलट शोभेचे एखादे परदेशी झाड आणले, तर विकणारा मोठ्या अभिमानाने सांगतो, "साहेब, याला कीड म्हणून लागत नाही." हे वाक्य ऐकले की आम्हांस तो वाडा आठवतो, ज्याच्या ओसरीवर कधी पंगत बसली नाही आणि ज्याच्या दारी कधी अतिथी आला नाही. कीड लागत नाही याचा अर्थ या मुलखातल्या एकाही जिवाला त्या झाडाकडे जेवायला बोलावणे नाही. ते हिरवे असते, टवटवीत असते, आणि सोयऱ्यांवाचून उभे असते.

येथे दुसरी शंका निघेल, आणि ती अधिक टोकदार आहे. "मग महाराज, परदेशी ते सर्व वाईट म्हणायचे काय?" नाही. असे म्हणू लागलो तर उद्या जेवणाचीच पंचाईत होईल. ज्या ज्वारीच्या भाकरीवर हा सोलापूर जिल्हा उभा आहे ती ज्वारी मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. भाकरीबरोबरची मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीज आल्यानंतरची. चिंच आफ्रिकेतली. सीताफळाला आपण सीतामाईचे नाव दिले, पण ते अमेरिकेतून आले. आणि दसऱ्याला देव्हाऱ्यावर ज्याच्या माळा चढतात तो झेंडूसुद्धा तिकडचाच. पांडुरंगाने झेंडूला "तुझे गाव कोणते?" असे विचारल्याचे ऐकिवात नाही.

आणि वारकऱ्याने तर कूळ विचारण्याच्या भानगडीत पडूच नये. ज्या पंथात चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, त्या पंथाने जन्मावरून वरचा-खालचा ठरवणे शोभत नाही. याच वळसंगात १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना घागर बुडवू दिली जात नव्हती त्यांनी स्वतःची विहीर खणली होती, आणि तिचे पाणी बाबासाहेबांच्या हस्ते खुले झाले. जन्मावरून आपला-परका ठरविला की त्याचे फळ काय मिळते, हे वळसंगला बाहेरच्या कोणी येऊन शिकवावे असे नाही. म्हणून 'देशी' हा शब्द आम्ही वापरतो तो सोवळ्याच्या अर्थाने नव्हे. झाडाची जात विचारू नये, त्याची वागणूक विचारावी. ते भोवतालच्या जिवांना देते काय? शेजाऱ्याला जगू देते काय? येथल्या पाण्यात भागवून घेते काय? ज्वारी, चिंच, झेंडू यांनी या मातीशी केव्हाच सोयरीक जोडली. जी झाडे मुळातच येथली, त्यांची सोयरीक आपोआप जुनी आणि दाट आहे. म्हणून त्यांचा मान पहिला, एवढेच.

ज्यांनी ती जोडली नाही त्यांची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. गाजरगवत अमेरिका खंडातले. १९५० नंतरच्या दशकात पुण्याकडे प्रथम आढळले, आणि आज बांधावर, गावठाणात, शाळेच्या मागे, कोठे नाही ते सांगा! गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, उपटणाऱ्याच्या हाताला खाज सुटते, कित्येकांस शिंका आणि दमा लागतो. वेडी बाभूळ इंग्रजी अमदानीत आणली गेली. ती ओढ्यानाल्यांत अशी माजली की खाली गवताची काडी येत नाही. न्यायाने बोलायचे तर तिच्या शेंगा शेळ्या खातात आणि गरिबाची चूल तिच्या सरपणावर पेटते, तेव्हा तिला सरसकट शिव्याही देऊ नयेत. पण अंगणात कोणी लावू नये. अलीकडे कुंपणाला आणि रस्त्याच्या मधोमध कोनोकार्पस नावाचे झाड लावण्याची टूम निघाली. झटपट वाढते, बारा महिने हिरवे राहते. पण त्याची मुळे नळांत आणि गटारांत शिरतात, आणि त्याच्या परागाने लोकांस त्रास होतो अशा तक्रारी झाल्या. २०२३ साली गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडे रोपे अजून विकली जातात. विकत घेताना नाव विचारावे.

संतांच्या सोबतीला कोणती झाडे आहेत, हे एकदा नजरेखालून घालावे. आळंदीस माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला आपल्या रानातल्या दत्रंगाच्या जातीचा म्हणतात; दख्खनच्या माळरानाला तो परका नाही. तेथेच सुवर्णपिंपळ आहे. देहूस तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या जागी नांदुरकी आहे, आणि बीजेच्या दिवशी दुपारी हजारो डोळे तिच्या पानांकडे लागलेले असतात. ही सारी येथल्याच मातीची झाडे. ज्ञानोबारायांनी बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना झाडाचा दाखला दिला, की लावणारा असो की तोडणारा, दोघांवर ते सारखीच सावली धरते. तो दाखला सांगताना आम्हां प्रवचनकारांचा आवाज मोठा भरून येतो. पण पालखीमार्गांच्या रुंदीकरणात जुनी मोठाली झाडे गेली आणि आता आषाढात दिंडी उघड्या डांबरावरून चालते, तेव्हा दाखल्यातली सावली डोक्यावर येत नाही.

आणि आपल्या जिल्ह्याला तर सावतोबा लाभलेले. माढा तालुक्यातले अरण. महाराज मळ्यातच राबले, मळ्यातच त्यांनी देव पाहिला, आणि शके १२१७ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीस तेथेच देह ठेवला. इतर संतांच्या पालख्या पंढरीस येतात. सावता महाराजांच्या भेटीस मात्र पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते. वाफ्यात पाणी सोडणाऱ्या माणसाच्या दारी देव चालत जातो, ही प्रथा आजही चालू आहे. बागेतल्या कामाचा परमार्थाशी संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर आमच्या शब्दांत नाही, ते दर आषाढात अरणच्या वाटेवर दिसते.

आपले सणवारसुद्धा पाहा. गणपतीला एकवीस पत्री सांगितल्या आहेत: माका, बेल, दूर्वा, धोत्रा, बोर, आघाडा, शमी, कण्हेर, रुई, अर्जुन, पिंपळ, जाई, हादगा, मरवा आणि आणखी काही. आजीला यातले प्रत्येक झाड कोणाच्या बांधावर, कोणत्या वाड्यामागे आहे ते ठाऊक असे. पूजेच्या निमित्ताने पोरांस वर्षातून एकदा गावची वनस्पती ओळखता येई. आज बाजारात 'पत्री' म्हणून जुडी मिळते, तीत काय असते ते विकणाऱ्यासही सांगता येत नाही. वटपौर्णिमेस वडाची फांदी तोडून आणून घरात पूजितात. ज्या झाडाला दीर्घायुष्य मागायचे त्याचाच हात तोडायचा! दसऱ्यास आपट्याची झाडे ओरबाडली जातात, आणि आपटा न मिळाला की कांचनाची पाने सोने म्हणून वाटतात. कार्तिकात आवळीखाली जेवायचे असते; पण आवळी कोठे आहे? व्रत टिकले आणि झाड गेले, तर व्रताने तरी कोणाच्या आधाराने उभे राहावे?

एक गोष्ट आपल्याच लोकांस सांगितली पाहिजे, ती थोडी कडू लागेल. तुळशीचे माहात्म्य वाढविण्यासाठी काही वक्ते सांगतात की तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते. हे खरे नाही. प्रत्येक हिरवे झाड सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते आणि रात्री आपल्यासारखाच श्वास घेते, तुळसही तशीच. तिला असल्या खोट्या दाखल्याची गरज नाही. औषधीच्या बाबतीतही तेच. अडुळशाचा काढा खोकल्यास घेतात, गुळवेल तापात देतात, हे परंपरेने चालत आले आहे. पण साथीच्या दिवसांत लोकांनी गुळवेलीचे काढे महिनोन्‌महिने प्याले, आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी त्यानंतर यकृतास इजा झालेल्या रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. झाड दारात आहे म्हणून रोज ओरबाडून प्यावे असे नाही. वैद्याला विचारावे. झाड दारात असावे ते त्याच्या सोबतीसाठी.

राहता राहिला प्रश्न पाण्याचा आणि जागेचा. वळसंगच्या बाजूस काळी जमीन, मधूनमधून मुरूम, पाऊस लहरी. चैत्र-वैशाखात ऊन चाळिशी ओलांडून वर जाते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसे अजून गावात आहेत. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळे करविले. पाणी साठविणे हा या मुलखात संतांचाच धर्म ठरला, तो उगाच नव्हे. अशा ठिकाणी अंगणात विलायती हिरवळ अंथरून तिच्यावर रोज नळी धरणे, आणि पलीकडच्या गल्लीत बायकांनी टँकरची वाट पाहणे, हे पाहून आम्हांस हरिपाठ सुचत नाही. कडुनिंब, बोर, बेल, कवठ, शमी, आपटा ही या उन्हाची लेकरे आहेत. पहिली दोन-तीन वर्षे सांभाळली की पुढे ती आपली आपण जगतात. कडुनिंब तर भर उन्हाळ्यात, सारे शिवार करपलेले असताना, नवी पालवी आणि बारीक पांढरा मोहोर घेऊन उभा राहतो, आणि ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्यांवर कोकिळा-बुलबुलांची पंगत बसते. आपल्याकडच्या कानडी घरांत त्याला बेवु म्हणतात आणि पाडव्याला बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, एकत्र खातात. मराठी घरांतही कडुनिंब खातात. भाषा दोन, झाड एक.

जागा बेताची असेल तर हाव धरू नये. वड-पिंपळ घराच्या भिंतीजवळ कधीही लावू नयेत; त्यांची जागा देवळापुढे, पारावर, ओढ्याकाठी. कडुनिंबही भिंतीपासून चांगला पंधरा हात लांब हवा. लहान अंगणास तुळस, कढीपत्ता, अडुळसा, जाईचा वेल, एखादा पारिजातक आणि कुंपणाशी शेवगा एवढे भरपूर झाले. अडुळशाला शेळीही तोंड लावीत नाही, म्हणून त्याला कुंपण नको. फांदी खोवली की लागते. शेवग्याचेही तसेच: मनगटाएवढा फाटा पावसाच्या तोंडी पुरावा. निंबोळी मात्र ताजी असतानाच पेरावी, ठेवून दिली तर थोड्याच आठवड्यांत ती मरते. तुळशीच्या मंजिऱ्या वाळल्या की बी चोळून वृंदावनाभोवती टाकावे, एका तुळशीची दहा होतात. आणि जुन्या झाडाच्या काही मंजिऱ्या खुडीत गेले म्हणजे ते अधिक दिवस टिकते. सगळ्याच खुडू नयेत, माशांचे जेवण त्यात आहे. अंगणास फरशी घालणे झालेच तर चारी कडांस हातभर माती उघडी ठेवावी. पावसाचे पाणी मुरायला तेवढीच वाट उरते.

पाण्यासाठी भांडी विसळलेले, भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी पुरते. साबणाचे टाकू नये. रोपाशेजारी बारीक भोक पाडलेले मडके गळ्यापर्यंत पुरून, भोकात कापडाची वात घालून भरून ठेवले, तर मुळाशी ओल राहते आणि पाणी उन्हाने उडून जात नाही.

शेवटी एका माउलींनी विचारले तेही येथे लिहिले पाहिजे. त्या म्हणाल्या, "आषाढीला आम्ही सगळी पंढरीला जातो, तेव्हा पाऊस असतो. पण चैत्री वारीला घर बंद असतं. तेव्हा रोपं जळतात, आणि मन वारीत लागत नाही." यावर आम्ही सांगितले ते एवढेच, की निघण्यापूर्वी मडके भरावे, बुडाशी वाळला पालापाचोळा हातभर पसरावा, आणि शेजारच्या घरी, मग ते माळकऱ्याचे असो वा नसो, एक तांब्या ठेवून जावे. परत येताना बुक्का आणि चुरमुरे त्यांच्याही नावचे आणावेत.